उंबरठ्याच्या आत येणारे पाऊल : डॉ. प्रमोद करण सेठी

देशाकडून पाहुणे आले की त्यांना आमेरचा किल्ला, हवामहल आणि जंतरमंतर दाखवून आणावे, जोहरी बाजारातून एक फेरी मारावी आणि परतताना सांगानेरी छापाची चादर हाती द्यावी, हा आम्हा जयपूरवासी मराठी कुटुंबांचा जणू कुळाचारच होऊन बसला आहे. परंतु अधूनमधून एखादा पाहुणा निराळ्याच कामासाठी येतो. त्याच्यासोबत कुबड्यांवर चालणारा भाऊ असतो, नाही तर वास्तविक कडेवर घेण्याचे वय उलटून गेलेले सात-आठ वर्षांचे मूल कडेवर असते. त्याला किल्ल्याची वाट विचारायची नसते, सवाई मानसिंग रुग्णालयाची विचारायची असते. 'जयपूर फूट' हे दोन शब्द त्याने कोठे तरी ऐकलेले असतात आणि तेवढ्या भांडवलावर तो दीड हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेला असतो.

ज्या माणसामुळे आपल्या या गावाचे नाव जगभरच्या अपंगांच्या तोंडी झाले, त्या डॉ. प्रमोद करण सेठी यांचे चरित्र आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असावे असे आम्हांस वाटले. डॉक्टर महाराष्ट्रीय नव्हते. परंतु ज्या गावाने आपल्याला आसरा दिला, त्या गावाच्या थोर माणसांची ओळख आपल्या मुलाबाळांना असू नये, हेही बरे नव्हे. शिवाय कृत्रिम पायाची कथा बहुतेकांनी ऐकली असली तरी लहान मुलांच्या शुश्रूषेच्या दृष्टीने तिच्यात जो अर्थ दडलेला आहे, त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

डॉक्टरांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२७ रोजी काशीस झाला. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. घर विद्येचे होते. पुढे हाती आलेली प्रत्येक वस्तू कोणत्या बलाने वाकते आणि कोठे मोडते हे पाहण्याची जी सवय डॉक्टरांच्या ठायी दिसते, तिचे मूळ या घरात असावे असे मानावयास हरकत नाही. वैद्यकीय शिक्षण आग्र्याच्या सरोजिनी नायडू वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९४९ साली ते पदवीधर झाले, १९५२ मध्ये शल्यचिकित्सेची उच्च पदवी मिळाली आणि १९५४ साली एडिंबरोची एफ.आर.सी.एस. पदवी घेऊन ते परतले. त्याच वर्षी जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाले. महाविद्यालय तेव्हा अवघे सात वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डॉक्टर हाडांचे तज्ज्ञ म्हणून जयपुरास आलेच नव्हते. त्यांचे शिक्षण सर्वसामान्य शल्यचिकित्सेचे. १९५८ च्या सुमारास महाविद्यालयात अस्थिशल्य विभाग उघडण्याची गरज निर्माण झाली आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडले. आमच्या मते ही इष्टापत्तीच ठरली. एखाद्या शास्त्राची परंपरा गुरूच्या मांडीला मांडी लावून शिकलेला माणूस तिच्यातील गृहीते सहसा तपासून पाहत नाही. डॉक्टरांना ती तपासून पाहावीच लागली.

त्या काळी अस्थिविभागाच्या खाटांवर दोन प्रकारचे रुग्ण विशेष दिसत. एक, रेल्वेखाली, मोटारीखाली किंवा यंत्रात पाय गमावलेली मोठी माणसे. आणि दुसरी, पोलिओने पांगळी झालेली मुले. पहिल्यांसाठी पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय बसवून देण्याची सोय होती. परंतु डॉक्टरांच्या ध्यानात असे आले की, एवढा खर्च करून, एवढे दिवस रुग्णालयात राहून मिळालेला तो पाय लोक घरी नेतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कुबड्यांवर येतात. दुसरा कोणी असता तर त्याने खेडवळ माणसाच्या अज्ञानाला दोष देऊन हात झटकले असते. डॉक्टरांनी दोष पायात शोधला.

त्या पायाला बूट आवश्यक होता, कारण त्याचे पाऊल कडक आणि बुटाच्या मापाचेच घडवलेले असे. आता बूट घालून आपल्याकडे कोण घरात वावरतो? स्वयंपाकघरात, देवघरात, मंदिरात, ओसरीवर पाऊल टाकायचे ते अनवाणी. जेवायचे ते मांडी घालून. शौचास बसायचे ते उकिडवे. शेतकऱ्याने चिखलात उतरायचे, पाणी तुडवायचे, ढेकळांतून चालायचे. यांपैकी एकही गोष्ट तो पाय करू देत नव्हता. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसासाठी तो बनवलेला होता. जमिनीवर बसणाऱ्या माणसाला तो पाय घालून स्वतःच्याच घराच्या उंबरठ्याबाहेर राहावे लागे.

या अडचणीतून वाट काढताना डॉक्टरांना जो सहकारी लाभला, त्याचे नाव डॉक्टरांच्या बरोबरीनेच घेतले पाहिजे. मास्टर रामचंद्र शर्मा हे पिढीजात कारागिरीचा हात लाभलेले गृहस्थ. शालेय शिक्षण अगदीच थोडे. रुग्णालयात रुग्णांना हस्तव्यवसाय शिकवण्याच्या निमित्ताने त्यांचा तेथे वावर होता. पायाची घडण मानवी पावलासारखी करता येईल काय, याचा ध्यास त्यांनी घेतला. सायकलचे टायर दुरुस्त होत असताना उष्णतेने घट्ट होणारे रबर पाहून त्यांना मार्ग सुचला, अशी हकीकत सांगितली जाते. डॉक्टरांपाशी शरीररचनेचे ज्ञान होते, मास्टरजींपाशी बोटांचे. १९६८-६९ च्या सुमारास या दोघांच्या खटपटीतून, विभागातील इतर शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने, जे पाऊल सिद्ध झाले तेच 'जयपूर फूट'.

त्याची घडण थोडक्यात अशी. आत तीन ठोकळे असतात : टाचेचा आणि चवड्याचा स्पंजासारख्या रबराचा, आणि घोट्याचा लाकडाचा, ज्यात पायाला जोडणारा बोल्ट बसतो. हे तीन ठोकळे रबराच्या थरांत आणि टायरमधील दोऱ्यांच्या पट्ट्यांत गुंडाळून साच्यात घालतात आणि भट्टीत तापवतात. बाहेर येते ते कातडीच्या रंगाचे, बोटे असलेले, पाण्याने न बिघडणारे पाऊल. ते घोट्याशी वर वाकते, आत-बाहेर कलते, थोडे वळते. त्यामुळे उकिडवे बसता येते, खडबडीत जमिनीवर तोल राहतो आणि अनवाणीही चालता येते. वरचा नळा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. तो ठोकून आकारास आणायला आपल्याकडील तांबटांसारखे येथले ठठेरे होतेच. परदेशातून यावयाचे असे त्यात काही नव्हते. या रचनेचा एकस्वहक्क डॉक्टरांनी घेतला नाही, त्यामुळे कोणीही हे पाऊल बनवावे अशी वाट मोकळी राहिली.

१९८१ साली डॉक्टरांना पद्मश्री आणि मॅगसेसे पुरस्कार असे दोन्ही सन्मान लाभले. दोनच वर्षांपूर्वी, १९७९ मध्ये, आपल्या जामखेडच्या आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळाले होते, तेव्हा महाराष्ट्रात त्या नावाचे अप्रूप ताजे होते. मास्टरजींच्या वाट्याला मात्र त्या मानाने फार थोडे आले. पदवीधराच्या आणि कारागिराच्या श्रेयाची वाटणी आपल्या समाजात अशीच होत आली आहे. आम्ही ती येथे नोंदवून ठेवतो, एवढेच.

या पावलाचा प्रसार मात्र एकाएकी झाला नाही. पहिल्या सहा-सात वर्षांत ज्यांना ते मिळाले त्यांची संख्या साठाच्या आतच होती. १९७५ साली देवेंद्र राज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी, स्वतः एका भीषण अपघातातून वाचल्यावर, भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि मग हे काम रुग्णालयाच्या भिंती ओलांडून देशोदेशी गेले. अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गमावलेल्यांपर्यंत ते पोहोचले. मुंबईच्या सुधा चंद्रन या नर्तकीचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला होता. १९८४ साली त्या जयपूरच्या पावलावर पुन्हा रंगमंचावर नाचल्या आणि त्यांच्या जीवनावरील चित्रपटाने हे नाव घरोघरी नेले. संख्या वाढली की दर्जाकडे आणि रुग्णाच्या पुढच्या तपासणीकडे दुर्लक्ष होते, ही चिंता डॉक्टरांना पुढील आयुष्यात सतावीत असे.

आता त्या दुसऱ्या रुग्णांकडे, मुलांकडे, वळू. कडेवर मूल घेऊन येणाऱ्या पाहुण्याचा येथेच घोटाळा होतो. जयपूर फूट हे कापलेल्या पायाच्या जागी बसवावयाचे पाऊल आहे. पोलिओ झालेल्या मुलाचा पाय शाबूत असतो. त्यातील स्नायूंचे बळ गेलेले असते. त्याला पाऊल नको, आधार हवा. आणि आधाराच्याही आधी शुश्रूषा हवी. ही शुश्रूषा म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे, कारण ती बव्हंशी आईच्याच हातून होते.

पोलिओच्या पहिल्या दिवसांत मुलाचे स्नायू अतिशय दुखरे असतात. आपल्याकडे अशा वेळी आजीचा हात तेलाच्या वाटीकडे जातो. परंतु त्या अवस्थेत रगडणे अपायकारक, आणि ताप उतरावा म्हणून सुई टोचवणे त्याहूनही, कारण ज्या अवयवाला सुई टोचली त्याचाच पक्षाघात बळावण्याचा संभव असतो. उबदार ओल्या कापडाचा शेक, विश्रांती आणि अंगाची योग्य ठेवण एवढेच त्या वेळी करावयाचे. ठेवणीत खरे मर्म आहे. मुलाला बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी दिली, तर काही आठवड्यांत गुडघा तसाच वाकलेला आखडतो. पांघरुणाच्या भाराने पाऊल खाली लोंबू दिले, तर टाच वर ओढली जाते आणि पुढे मूल चवड्यावरच चालते. म्हणून तळव्यांना फळीचा टेकू द्यावा, गुडघे सरळ ठेवावेत, दिवसातून काही वेळ मुलाला पालथे निजवावे, म्हणजे कंबरेचा सांधा वाकून बसत नाही. आणि दुखणे ओसरताच प्रत्येक सांधा रोज हळुवारपणे पूर्ण हलवावा. गेलेले बळ जितके परत यायचे तितके बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत आणि उरलेले दीड-दोन वर्षांत येते. त्या अवधीत सांधे सैल राखले तर मूल उभे राहू शकते. ते आखडले, तर शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर यांखेरीज गत्यंतर उरत नाही.

ही दृष्टी जगाला एका परिचारिकेने दिली, हे येथे सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या बाईंनी परिचर्येचे रीतसर शिक्षणही घेतलेले नव्हते. पोलिओच्या मुलाला महिनोन्‌महिने फळ्यांत जखडून ठेवावयाचे, असा तेव्हाच्या वैद्यांचा दंडक होता. केनीबाईंनी लोकरीच्या गरम पट्ट्या आणि सांध्यांची हालचाल यांचा आग्रह धरला, प्रस्थापित डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला आणि १९४० नंतर अमेरिकेत जाऊन आपली पद्धत मान्य करून घेतली. १९५२ साली त्या वारल्या. आपल्या मुंबईत फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर हेच काम आरंभिले. १९४७ साली त्यांनी पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली आणि पुढे हाजी अलीपाशी त्या मुलांचे रुग्णालय उभे राहिले. एका मातेच्या अनुभवातून रुग्णालय जन्मास यावे, ही घटना मराठी वाचकांस अधिक ठाऊक असावयास हवी होती.

जयपुरात डॉ. सेठी यांनी भौतिकोपचार आणि पुनर्वसन यांना विभागात आरंभापासून स्थान दिले. शस्त्रक्रिया झाली म्हणजे आपले काम संपले, असे शल्यचिकित्सकाने समजण्याचा तो काळ. उपचारानंतर रुग्ण आपल्या घरी काय करतो, हा प्रश्न डॉक्टर ज्या चिकाटीने विचारीत, त्याचा कस मुलांच्या बाबतीत लागला. पोलिओच्या मुलाला कॅलिपर देत : पायाच्या दोन्ही बाजूंस पोलादी सळया, मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्याशी खीळ, आणि सळयांची खालची टोके जाड बुटाच्या टाचेत बसवलेली. रुग्णालयाच्या ओवरीत मूल हे घालून उभे राही आणि आईच्या डोळ्यांत पाणी येई. परंतु घरी गेल्यावर काय होई? बूट घालून घरात यायचे नाही, ही घरची रीत. म्हणजे उंबरठ्याशीच कॅलिपर निघे. घरात मूल दिवसभर गुडघ्यांवर रांगे. आणि रांगणाऱ्याचे गुडघे व कंबर नेमकी त्याच ठेवणीत आखडतात. कॅलिपर कोपऱ्यात उभा राही. वर्ष सरता मुलाची उंची वाढलेली असे, बूट अपुरा झालेला असे, आणि नवा करून घ्यायला रुग्णालय दोनशे मैलांवर. मोठ्या माणसाच्या कृत्रिम पायाची जी गत, तीच मुलाच्या कॅलिपरची. फरक एवढाच की, मोठा माणूस कुबडीवर परत येतो. मुलाचे वाढीचे वर्ष मात्र गेले ते गेलेच.

म्हणून जड बुटाऐवजी तळव्याच्या आकाराची हलकी बैठक असावी, तिच्यावर साधी वहाण चढवता यावी आणि ती काढून मुलाला घरातही वावरता यावे, या दिशेने जयपूरच्या कार्यशाळेने कॅलिपराचा विचार केला. पायाच्या बाबतीत मिळालेला धडाच येथे गिरवला गेला. कारागीर जवळचा असावा, साहित्य बाजारात मिळणारे असावे, दुरुस्ती सहज व्हावी, हे मोठ्यांच्या बाबतीत सोयीचे असेल, वाढत्या मुलाच्या बाबतीत ते अनिवार्य ठरते. १९८९ साली जपानमधील कोबे येथे भरलेल्या कृत्रिम अवयवतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत डॉक्टरांना मानाचे व्याख्यान देण्यास पाचारण करण्यात आले, तेव्हा विकसनशील देशांनी तंत्रज्ञानाची निवड कशी करावी, हाच विषय त्यांनी घेतला होता.

कॅलिपर कितीही सुबक असला तरी तो वापरात ठेवणे हे पुन्हा शुश्रूषेचेच काम. रोज संध्याकाळी तो काढल्यावर आईने कातडी पाहावी. पट्ट्याखाली आलेली लाली अर्ध्या तासात मावळली तर ठीक. न मावळली तर कॅलिपर कारागिराकडे न्यावा, मुलाला सोसायला सांगू नये. पोलिओत संवेदना शाबूत असते, त्यामुळे मूल निदान रडते तरी. जन्मतः पाठीचा कणा उघडा राहिलेल्या मुलांच्या पायाला पुष्कळदा जाणीवच नसते. तेथे मूल हसत खेळत असते आणि आत जखम वाढत असते. प्लास्टर घातलेल्या मुलाची बोटे दिवसातून अनेकदा पाहावीत. ती गार पडली, निळी झाली, सुजली, हलेनाशी झाली किंवा प्लास्टरमधून दुर्गंधी येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सेवानिवृत्तीनंतर डॉक्टरांनी जयपूरच्याच संतोकबा दुर्लभजी रुग्णालयात काम चालू ठेवले. काशीत जन्मलेला, आग्र्यात शिकलेला आणि विलायतेची पदवी घेऊन आलेला हा माणूस पन्नासाहून अधिक वर्षे या शहराचा रहिवासी होता. परगावाहून येऊन येथलेच होऊन गेलेल्या आपल्यासारख्यांना याचे विशेष वाटते. ६ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे जयपुरात निधन झाले.

१९९५ पासून देशभर पोलिओचे थेंब पाजण्याची मोहीम चालू झालेली होती. तिचा शेवट पाहणे मात्र डॉक्टरांच्या नशिबी नव्हते. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी हा प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. मुलांच्या अस्थिविभागातील खाटा काही त्यामुळे रिकाम्या झालेल्या नाहीत. त्यांवर आता जन्मतः वाकड्या पावलांची, मेंदूच्या पक्षाघाताची आणि स्नायू क्षीण होत जाणाऱ्या विकारांची मुले आहेत. वाकडी पावले तर आज दर आठवड्यास प्लास्टर बदलून, बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून, सरळ करता येतात. परंतु पुढे दोन्ही पायांना दांडीने जोडलेले बूट आधी तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि मग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रोज रात्री घालावे लागतात. ते घातले गेले नाहीत तर पावले पुन्हा वळतात. मूल रडते, शेजारीण हळहळते, आजी बूट काढून टाकायला सांगते, आणि पहाटे तीन वाजता निर्णय आईलाच करावा लागतो.

तेव्हा देशाकडून कोणी मूल घेऊन येत असल्याचे कळले, तर आम्ही त्यांना निघण्यापूर्वीच कळवतो की, जुना कॅलिपर अपुरा झाला असला तरी बरोबर आणावा, मूल रोज घालते त्या वहाणा आणाव्यात, आणि घराचा उंबरठा किती उंच आहे व मूल दिवसाचे किती तास जमिनीवर असते, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावे.